अरेंजर कीबोर्डवर तानपुरा, स्वरमंडळ आणि टाळ: ऑडिओ पॅडच्या प्रकल्प नोंदी

११ मे २०२५, रविवार

काम असे: आषाढी एकादशीला, म्हणजे ६ जुलैला, दोन तासांचा अभंगांचा कार्यक्रम. गायकाची पट्टी काळी १ (सी शार्प), गायिकेची काळी ५ (ए शार्प). साथीला पेटी, ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि एक अरेंजर, म्हणजे आपोआप साथ देणारा कीबोर्ड. ठेका अरेंजरच्या स्टाईलमधून (तयार साथीच्या साच्यातून), ढोलकी आणि तिहाया ऑक्टापॅडवर. तानपुरा, स्वरमंडळ आणि टाळकरी नाहीत. ती उणीव कीबोर्डने भरून काढायची, पण आतल्या तयार आवाजांवर नव्हे, स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या खऱ्या वाद्यांवर.

कीबोर्ड यामाहा पीएसआर-एसएक्स७००. त्यात बाहेरचा आवाज वाजवायच्या तीन वाटा आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा.

पहिली, यूएसबी ऑडिओ प्लेअर. पेनड्राइव्हवरची वेव्ह किंवा एमपी३ फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजते. वेग आणि पट्टी बदलता येते.

दुसरी, ऑडिओ लिंक मल्टिपॅड. चार पॅडना, म्हणजे बटणांना, चार वेव्ह फाइली जोडायच्या. हव्या तर एकदाच वाजतील, 'रिपीट' लावले तर फिरत राहतील. इथे एमपी३ चालत नाही. फाइल ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटची लागते. पॅड स्टाईलचा टेम्पो पाळत नाही, कॉर्डही पाळत नाही.

तिसरी, एक्स्पान्शन मेमरी. एसएक्स७०० मध्ये ती सुमारे ४०० एमबी आहे. 'यामाहा एक्स्पान्शन मॅनेजर' या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच्या वेव्ह फाइलींपासून नवा व्हॉइस किंवा ड्रम किट बनवून कीबोर्डमध्ये भरता येतो. मग तो आवाज कीबोर्डच्याच घरचा होतो: टेम्पो, ट्रान्स्पोज (पट्टी बदलणे), ट्यूनिंग सगळे पाळतो.

आजचा बेत: तानपुरा, स्वरमंडळ आणि टाळ, तिन्ही दुसऱ्या वाटेने. पॅड दाबला की वाजले पाहिजे, इतके सोपे.

१८ मे

तानपुरा ध्वनिमुद्रित केला. मर्दानी तानपुरा, काळी १ ला, प-सा-सा-सा. रेकॉर्डर घोडीपासून साधारण एक फूट लांब आणि तुंब्याकडे किंचित वळवलेला. घोडीच्या अगदी समोर ठेवला तर जवारीची (घोडीवर तार घासून उमटणारी) सळसळ फार येते आणि खर्ज हरवतो. तुंब्यासमोर ठेवला तर उलट, नुसता घुमारा. पंखा, फ्रिज, ट्यूबलाइट बंद. तेरा आवर्तने सलग छेडली, एका आवर्तनाला साधारण ४.८ सेकंद. छेडणाऱ्याने मेट्रोनोम लावायचा नाही, तानपुरा लयीत वाजू लागला की अभंगाच्या लयीशी भांडतो. मात्र छेडण्याचा जोर सारखा हवा, नाहीतर लूप (फिरत राहणारा तुकडा) फिरला की तोच एक जोराचा टणत्कार दर मिनिटाला ऐकू येतो आणि कान त्याचीच वाट पाहू लागतो.

ध्वनिमुद्रणात ५० हर्ट्झची विजेची गुणगुण आणि तिचा १०० हर्ट्झचा दुप्पट आला. यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे ८० हर्ट्झखालचे सगळे कापून टाकणे. तो इथे चालत नाही. काळी १ चा खर्ज षड्ज ६९.३ हर्ट्झवर आहे, ८० वर कापले की तारेचा मूळ स्वरच जातो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमधला नॉच फिल्टर, म्हणजे ठरावीक कंपनसंख्येवरच खाच पाडणारा, वापरला. त्यातही सापळा आहे: मंद्र पंचम १०३.८ हर्ट्झवर, आणि काढायची गुणगुण १०० वर. फिल्टरचा क्यू (खाचेचा अरुंदपणा) १ ठेवला तर गुणगुणीबरोबर पंचमही पातळ होतो. क्यू ३० केला की खाच जेमतेम सव्वातीन हर्ट्झ रुंद राहते आणि पंचम बचावतो.

१९ मे

लूप कापला. तानपुऱ्याचा लूप कुठेही कापून चालत नाही, कारण छेडलेल्या तारेचा नाद पुढच्या तारेत मिसळलेला असतो. नुसते कापून जोडले तर जोडावर 'टक्' येतो. टक् काढायला दोन्ही टोकांना फेड दिला, म्हणजे आवाज हळूहळू चढवला-उतरवला, तर आवाज क्षणभर श्वास घेतल्यासारखा बसतो. उपयोगी पडलेली रीत अशी:

तेराव्या आवर्तनातली पंचमाची तार जिथे छेडली गेली, तिथून शेवटपर्यंतचा तुकडा कापून दुसऱ्या ट्रॅकवर घ्यायचा. तो सरकवून पहिल्या आवर्तनाच्या खाली असा ठेवायचा की दोन्हींतली पंचमाची छेड एकावर एक येईल. तेरावे आवर्तन फेड आउट, पहिले फेड इन, मग दोन्ही मिसळून एक ट्रॅक. आता फाइल तेराव्याच्या सुरुवातीने सुरू होते आणि बाराव्याच्या शेवटाला संपते, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे जाताना नाद मुळात जसा होता तसाच राहतो. लांबी साधारण ५७.६ सेकंद.

फेडचा आकार महत्त्वाचा. सरळ रेषेचा फेड दिला तर मधोमध आवाज सुमारे ३ डेसिबलने खाली जातो, कारण दोन्ही तुकडे एकमेकांची हुबेहूब नक्कल नसतात. 'कॉन्स्टंट पॉवर' क्रॉसफेड (एक तुकडा उतरताना दुसरा चढणे) घ्यावा.

एक्स्पोर्ट: वेव्ह, १६ बिट पीसीएम, ४४,१०० हर्ट्झ, स्टिरिओ. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर होता, म्हणून प्रोजेक्ट रेट आधी ४४,१०० करून घेतला. शिखर उणे ६ डेसिबलवर. फाइलींची नावे रोमन अक्षरांत, आखूड, आणि पुढे दोन आकडी क्रमांक.

२४ मे

तालमीत तानपुरा आणि कीबोर्ड एकत्र वाजवले, तंतोतंत जुळले. पेटी आली आणि सगळे हलले. पेटी ४४० वर (ए स्वर ४४० हर्ट्झ, या प्रमाण सुरावर) नाही, ट्यूनरवर साधारण ८ सेंट चढी; सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. पेटी काही उतरवता येत नाही, तेव्हा बाकीच्यांनी चढायचे. कीबोर्डचा मास्टर ट्यून (अख्ख्या कीबोर्डचा सूर) ४४२ हर्ट्झ केला, कारण ४४० वरून ४४२ म्हणजे ७.८५ सेंट. एसएक्स७०० मध्ये तो ४१४.८ ते ४६६.८ पर्यंत फिरतो.

पण मास्टर ट्यून फिरवला तरी पॅडवरची फाइल तिथेच राहते. ट्रान्स्पोज दाबला तरी तेच. ऑडिओ पॅड म्हणजे टेप आहे, वाद्य नव्हे, हे या कामात पुन्हा पुन्हा आठवावे लागते. तानपुऱ्याची फाइल वेगळी चढवली. यासाठी 'चेंज पिच' वापरू नये. तो लांबी राखून स्वर बदलतो आणि त्या खटाटोपात जवारीत पाण्याखालचा आवाज आल्यासारखा गढूळपणा येतो. तानपुऱ्याला लांबीचे सोयरसुतक नाही, म्हणून 'चेंज स्पीड' मध्ये ०.४५५ टक्के वाढ दिली. लूप ५७.६ वरून ५७.३४ सेकंदांचा झाला, सूर ८ सेंट चढला आणि नाद जसाच्या तसा राहिला.

काळी ५ साठी हीच फाइल तीन स्वर उतरवून पाहिली. नाही चालली. अर्ध्या-एका स्वरापर्यंत खपून जाते, तीन स्वरांत तुंबा मोठा झाल्यासारखा वाटतो आणि छेड सुस्तावते. गायिकेसाठी जनानी तानपुरा वेगळा ध्वनिमुद्रित केला, त्यावरही हीच सगळी प्रक्रिया. या वेळी रेकॉर्डर सुरू करण्याआधी तानपुरा पेटीलाच जुळवून घेतला. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

२५ मे

तानपुरा सुरू असताना डाव्या हाताने मेजर कॉर्ड धरला की एक थरथर ऐकू येते. दोष कोणत्याच फाइलीत नाही. तानपुऱ्याच्या षड्जातून पाचवा उपस्वर म्हणून जो गंधार आपोआप उमटतो, तो शुद्ध प्रमाणातला. कीबोर्डचा गंधार समविभाजित सप्तकातला, त्याहून सुमारे १४ सेंट चढा. आकड्यांत: काळी १ चा षड्ज १३८.५९ हर्ट्झ, त्याची पाचपट ६९२.९५. कीबोर्डवरचा तोच गंधार ६९८.४६. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला साडेपाच हेलकावे.

पंचमाबाबत ही अडचण नाही, तिथला फरक दोनच सेंटचा. म्हणून जिथे तानपुरा वर आहे तिथे कॉर्डमधून गंधार काढला. फिंगर्ड पद्धतीत नुसते षड्ज-पंचम धरले की यामाहा ते '१+५' म्हणून ओळखतो आणि स्टाईलचे बास व पॅड (इथे लांब स्वर धरणारा साथीचा भाग) तेवढ्यावरच चालतात. आलापीखाली हे कॉर्डपेक्षा चांगलेच वाटते. दुसरा उपाय स्केल ट्यूनचा, म्हणजे सप्तकातले स्वर सुटे जुळवण्याचा: 'प्युअर मेजर', आधारस्वर सी शार्प, आणि तो फक्त राइट १ ला (उजव्या हाताच्या मुख्य आवाजाला) लावायचा. बासरीच्या आवाजात मध्यांतरी तुकडे वाजवायला हे छान. पण पेटीशी एकसाथ वाजवायचे असेल तर स्केल ट्यून बंद. पेटीही समविभाजितच असते.

१ जून

टाळ. चार टाळकऱ्यांचा भजनी ठेका टेम्पो ९० ला ध्वनिमुद्रित केला, आठ मात्रांचे एक आवर्तन कापले, पॅड ४ ला लावून रिपीट केला. स्टाईल आणि पॅड सिंक स्टार्टने एकत्र सुरू केले. सिलेक्ट बटण धरून पॅड दाबला की तो तयारीत लुकलुकतो आणि स्टाईलबरोबर सुटतो. पहिले मिनिट सुरेख. दुसऱ्या मिनिटाला टाळ मागे पडल्याची शंका. चौथ्या मिनिटाला टाळ आणि ठेका दोन वेगळ्या गावांचे.

हिशेब केला. टेम्पो ९० म्हणजे एक मात्रा ०.६६६७ सेकंद, ४४,१०० च्या दराने बरोबर २९,४०० नमुने (डिजिटल आवाजाच्या सुट्या मोजण्या). आठ मात्रा २,३५,२०० नमुने. लूप कानाने कापलेला होता, तो निघाला ५ मिलिसेकंद लांब. एका फेरीत हे कुणालाच कळत नाही. चार मिनिटांत ४५ फेऱ्या होतात, म्हणजे २२५ मिलिसेकंद, मात्रेचा एक तृतीयांश. पॅड स्टाईलच्या घड्याळाला बांधलेला नसल्याने चूक कुठेही पुसली जात नाही, साठतच जाते.

सुधारणा दोन. एक, लूप कानाने नव्हे, नमुन्यांच्या मोजणीने कापायचा. ऑडॅसिटीत निवडीची लांबी सेकंदांऐवजी 'सॅम्पल्स' मध्ये दाखवायला लावून २,३५,२०० हा आकडा टाकायचा. सगळे टेम्पो ९० इतके सरळ येत नाहीत. ११० ला आठ मात्रा १,९२,४३६.३६ नमुने होतात, पण ०.३६ नमुन्याची चूक सेकंदाच्या आठ दशलक्षांश भागाएवढी, ती सोडून द्यावी. दोन, फिरवायचेच कशाला? ४८ आवर्तनांची एकच फाइल केली तर ती ४ मिनिटे १६ सेकंद चालते आणि ४५ एमबी होते. पेनड्राइव्हवर जागेची ददात नाही. एवढ्या लांब फाइलीत टाळकऱ्यांचे नैसर्गिक कमीजास्तही टिकते. एकच आवर्तन ४५ वेळा ऐकण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

फाइलीच्या सुरुवातीची शांतताही तपासावी. पहिल्या टाळाआधी ४० मिलिसेकंद मोकळे राहिले होते, तेवढा टाळ समेला कायम उशिरा. रेकॉर्डिंगमध्ये डोळ्यांना न दिसणारी ही पट्टी झूम करूनच सापडते.

३ जून

टाळाची फाइल एमपी३ करून प्लेअरमध्ये पुन्हापुन्हा वाजवून पाहिली. प्रत्येक जोडावर अडखळते. कारण एमपी३ ११५२ नमुन्यांच्या चौकटींत बांधला जातो, एक चौकट २६ मिलिसेकंदांची, आणि एन्कोडर पुढेमागे रिकामा भरणा घालतो. पूर्ण गाणे वाजवायला एमपी३ ठीक, फिरवायला कधीच नाही. तोच एमपी३ परत वेव्ह केला तरी भरणा आतच राहतो.

८ जून

लांब फाइलीसह पूर्ण अभंगाची तालीम. इथे बेत कोसळला, आणि गणिताच्या चुकीने नव्हे. अभंगाची लय चढते. ९० ला सुरू झालेला अभंग शेवटच्या गजरात १४० च्या घरात जातो, आणि तो जायलाच हवा. स्टाईलचा टेम्पो डायलने चढवता येतो. ऑडिओ पॅड ९० वरच बसून राहतो. ९०, १००, ११०, १२०, १३०, १४० अशा सहा फाइली करून पॅडवर पॅड बदलत जाण्याचा विचारही झाला. पॅड चारच, आणि लय पायऱ्यांनी चढत नाही, ती उताराच्या उलट चढणीसारखी चढते.

निर्णय: ज्याला मात्रा आहे ते पॅडवर ठेवायचे नाही. पॅडवर फक्त बिनलयीचे आवाज, म्हणजे तानपुरा आणि स्वरमंडळ. टाळ तिसऱ्या वाटेने, एक्स्पान्शनमधून.

१० ते १४ जून

टाळाचे सुटे आघात ध्वनिमुद्रित केले. लूपचे तुकडे करून वापरायचे नाहीत, कारण प्रत्येक तुकड्यात आधीच्या आघाताची शेपटी येते. चार प्रकार घेतले: उघडा मोठा, उघडा हलका, मिटलेला, आणि कडेला घासून काढलेला. प्रत्येकाचे तीन-तीन आघात. एकच आघात दर मात्रेला आला की कान पाच सेकंदांत यंत्र ओळखतो, तीन आलटूनपालटून आले की ओळखत नाही. उघड्या टाळाच्या दोन लांब्या कापल्या, १.५ सेकंदांची संथ लयीसाठी आणि ०.४ सेकंदांची फेड देऊन. टेम्पो १४० ला एक मात्रा ०.४३ सेकंदांची असते. लांब शेपटीचे टाळ तिथे एकमेकांवर चढून नुसता खळखळाट होतो.

क्रम: कीबोर्डमधून इन्स्ट्रुमेंट इन्फोची (कीबोर्डची ओळख सांगणारी) फाइल पेनड्राइव्हवर काढायची, ती एक्स्पान्शन मॅनेजरमध्ये द्यायची. नवा पॅक, त्यात नवा ड्रम व्हॉइस, एकेका पट्टीवर एकेक वेव्ह. आवडीच्या तबल्याच्या आवाजांच्या पट्ट्या टाळून टाळ ठेवायचे. मग पॅक इन्स्टॉल फाइल तयार करून कीबोर्डमध्ये भरायची. या पायरीला लक्ष असू द्यावे: इन्स्टॉल केल्यावर एक्स्पान्शन मेमरीत आधी असलेले सगळे पुसून नवे लिहिले जाते. आधीचे पॅक हवे असतील तर तेही याच इन्स्टॉल फाइलीत घालावे लागतात.

मग स्टाईल क्रिएटर. ठेक्याच्या स्टाईलमध्ये तबला रिदम १ वर आहे, त्याला हात लावला नाही. टाळ रिदम २ वर नव्याने भरले. स्टाईलच्या चार मुख्य भागांत असे. मेन ए: नुसता तबला. मेन बी: सम आणि पाचवी मात्रा एवढ्यावरच उघडा टाळ. मेन सी: प्रत्येक मात्रेला, मधल्या अर्ध्यांवर मिटलेला. मेन डी: दुगुन, फक्त आखूड आघात. क्वांटाइझ (आघात नेमके मात्रेवर बसवणे) पूर्ण न लावता हाताने वाजवलेले तसेच ठेवले. टाळ तबल्याच्या केसभर मागे असला की जागा मोठी वाटते, काट्यावर बसवला की पत्र्याचा वाटतो. दादऱ्यासाठी वेगळी स्टाईल, तीन-तीन मात्रांचे दोन बार, टाळ फक्त पहिल्या आणि चौथ्या मात्रेला.

आता टेम्पो डायल ९० वरून १४० पर्यंत फिरवला की टाळ बरोबर चढतात. हा चार दिवसांचा उद्योग एका लूपच्या जागी झाला, पण अरेंजरवर ताल धरायचा तर यापेक्षा जवळची वाट नाही. ज्यांच्याकडे कॉर्गचा पीए मालिकेतला आणि सॅम्पलिंग असलेला कीबोर्ड आहे त्यांना लॅपटॉप न लागता हेच काम आतल्या आत होते. तत्त्व तेच: अखंड लूप नव्हे, सुटे आघात.

१५ जून

स्वरमंडळ. पॅडचा सर्वांत सुंदर उपयोग हाच. कीबोर्डवर बोट घसरवून स्वरमंडळ काढायला गेले की रागाबाहेरच्या पट्ट्या वाजतात. खऱ्या स्वरमंडळाच्या तारा रागालाच लावलेल्या असतात.

भीमपलासीसाठी तारा सा, कोमल ग, म, प, कोमल नि अशा आरोही स्वरांनाच लावल्या, रे आणि ध वगळून. एक चढता फेरा, एक उतरता. प्रत्येकाची शेपटी विरेपर्यंत, साधारण ७ सेकंद, ध्वनिमुद्रण चालू ठेवले. भैरवीसाठी रे, ग, ध, नि चारही कोमल करून पुन्हा एक उतरता फेरा. रिपीट बंद.

पॅडची मांडणी, काळी १ ची बँक (चार पॅडचा संच): पॅड १ तानपुरा, रिपीट चालू. पॅड २ भीमपलासी चढता. पॅड ३ भीमपलासी उतरता. पॅड ४ भैरवी. भैरवीसाठी वेगळी बँक करण्याचा मोह टाळला. बँक बदलली तर तानपुरा मध्येच तुटेल, आणि शेवटच्या भैरवीआधीची शांतता ही तानपुऱ्यानेच भरलेली हवी. षड्ज-पंचम तेच असल्याने तानपुरा बदलावा लागत नाही. मालकंसासारखा पंचम नसलेला राग यादीत असता तर मध्यमाचा तानपुरा, म्हणजे नवी फाइल आणि नवी बँक लागली असती.

थांबवण्याची सवय करावी लागते. स्टॉप नुसता दाबला की चारही पॅड थांबतात. स्वरमंडळ थांबवायला गेलेले बोट तानपुराही घालवते. स्टॉप धरून त्या एकाच पॅडचे बटण दाबावे. खरे तर स्वरमंडळ थांबवायची गरजच नाही, ते आपोआप विरते.

२१ जून

सुरुवातीची दीड मिनिटाची नांदी: शंख, घंटा, तंतुवाद्यांचा पडदा, त्यावर ऑक्टापॅडचे आघात. हिची लय बदलत नाही, लांबी बदलत नाही, म्हणून ही ऑडिओ प्लेअरवर. अडचण एवढीच की ऑक्टापॅडवाल्याला आत यायची जागा कळली पाहिजे. त्याच्यासाठी एकाच स्टिरिओ फाइलीत डाव्या कानाला संगीत आणि उजव्या कानाला क्लिक (मात्रेची टकटक), टेम्पो ८४, आधी दोन बारची मोजणी. कीबोर्डचा डावा आउटपुट मिक्सरला, उजवा थेट ऑक्टापॅडवाल्याच्या हेडफोन अँपला.

पहिल्या चाचणीत दोन गोष्टी बिघडल्या. कीबोर्डवरून वर वाजवलेली बासरी उजवीकडेही गेली. पॅन पूर्ण डावीकडे नेऊनही रिव्हर्ब (घुमारा) उजवीकडे येत राहिला, कारण पॅन आवाज सरकवतो, रिव्हर्ब स्टिरिओच परततो. नांदीपुरता सर्व भागांचा रिव्हर्ब शून्य आणि डीएसपी (इतर ध्वनिपरिणाम) बंद केला, आवाजाची खोली मिक्सरवाल्याने द्यायची.

दुसरी जास्त भीतिदायक. उजवी केबल चुकून निघाली तर एल/एल+आर जॅक आपोआप दोन्ही बाजू मिसळून देतो आणि क्लिक सभागृहात. केबल टेपने चिकटवली, आणि क्रम लिहून ठेवला: लावताना उजवी आधी, काढताना डावी आधी. नांदीनंतर पॅन पूर्ववत करणे हे नोंदणी बटण २ चे काम, हाताने नाही. (नोंदणी बटण म्हणजे आधी साठवलेली मांडणी एका दाबात परत आणणारे बटण.)

२२ जून

कोरसवाल्यांना घरी सरावासाठी मूळ तालमीचे ध्वनिमुद्रण दिले. प्लेअरमधील ए-बी रिपीटने दोन ओळी फिरवून, वेग कमी करून चांगला सराव होतो. व्होकल कॅन्सलबद्दल मात्र फार अपेक्षा नकोत. तो मध्यभागी असलेले सगळे वजा करतो, तबला आणि बासही त्यात जातात. मोनो ध्वनिमुद्रणात तर सगळेच मध्यभागी असते.

२८ जून

नोंदणी बटणे आठ. १ नांदी, २ आलापी, ३ ते ६ अभंग, ७ गजर, ८ भैरवी. काळी १ च्या सर्व नोंदणींत पॅडची बँक एकच, आणि फ्रीझमध्ये (नोंदणी बदलली तरी ठरावीक गोष्टी तशाच ठेवणाऱ्या सोयीत) मल्टिपॅड टिकवला, म्हणजे बटण बदलताना चालू तानपुऱ्याला धक्का नाही. गायिकेच्या अभंगांची वेगळी नोंदणी बँक, तिच्यात काळी ५ चा तानपुरा. दोन्ही गटांच्या मध्ये निवेदन ठेवायला सांगितले, बँक पेनड्राइव्हवरून वाचायला काही सेकंद लागतात. पेडलला 'ऑडिओ प्ले/पॉज' दिले, नांदी सुरू करताना दोन्ही हात मोकळे हवेत.

पेनड्राइव्हवरच्या फोल्डरचे नाव नीटनेटके करायला गेले आणि सगळे पॅड मुके झाले. पॅडच्या फाइलीत आवाज नसतो, फक्त आवाजाचा पत्ता असतो. पत्ता बदलला की पॅड पुन्हा जोडावे लागतात.

२९ जून

ध्वनिवर्धकावर पूर्ण तालीम. तानपुरा हेडफोनवर भरदार, मंडपात मात्र पातळ, जणू खर्जच नाही. मंडपातली यंत्रणा मोनो. रेकॉर्डरचे दोन माइक एकमेकांपासून दूर होते, दोन्ही बाजू एकत्र आल्यावर काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. फाइल पुन्हा उघडली, चांगली वाटलेली एकच बाजू घेतली आणि तीच दोन्ही चॅनेलवर ठेवली. फाइल स्टिरिओच, आशय मोनो. स्वरमंडळालाही हेच केले.

बॅलन्समध्ये मल्टिपॅड ५५, स्टाईल ९०. तानपुरा चालू असताना कळू नये, बंद केल्यावर कळावा, एवढाच.

५ जुलै

दोन पेनड्राइव्ह, दोन्ही कीबोर्डमध्येच फॉरमॅट करून एकसारखे भरलेले. दुसरा लावून प्रत्येक पॅड वाजवून पाहिला, नुसती नावे पाहून समाधान मानले नाही. वीज जाऊन आली तर: पेनड्राइव्ह ओळखला जाण्याची वाट पाहायची, नोंदणी बँक उघडायची, बटण २, पॅड १. सराव केल्यावर हे चाळीस सेकंदांत होते, तेवढा वेळ पेटीने षड्ज धरायचा. मास्टर ट्यून ४४२ वर आहे की नाही हे प्रत्येक वेळी तपासायचे. पेटीशी पुन्हा जुळवले: पावसाळी हवेत ती हललेली नाही.

७ जुलै

कार्यक्रमानंतरच्या दुरुस्त्या. गजर १४६ पर्यंत चढला, तिथे ०.४ सेकंदांचा टाळही किंचित गर्दी करतो. ०.३ चा तिसरा संच कापायचा, मेन डी मध्ये तोच भरायचा. भैरवीचे स्वरमंडळ आलापापेक्षा मोठे वाजले, फाइल ४ डेसिबलने उतरवायची. जनानी तानपुऱ्याच्या लूपमध्ये तेविसाव्या सेकंदाला बोटाचे नख लागल्यासारखा एक खट् आहे. तालमीत कुणाला ऐकू आला नव्हता, निवेदनाच्या शांततेत आला. ते आवर्तन काढून लूप अकरा आवर्तनांचा करायचा. पुढच्या यादीत पांढरी ४ ची गायिका आहे, तेव्हा तानपुरा आधी पेटीला लावून मगच रेकॉर्डर सुरू करायचा.